निवारा छावणीतली लहान मुलं आणि त्यांचं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर, भूकंप, वादळ, दरड. घर गेलं की माणसं शाळेत, सभागृहात नाहीतर तंबूत येऊन राहतात. तिथे स्वयंपाक सांभाळणारे, नावं नोंदवणारे, मदत पाठवणारे आणि मुलांना घेऊन राहिलेले आईबाप पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. भर मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांवर आहे.

छावणीत सगळ्यांना दोन वेळचं जेवण मिळतंय. मग लहानांसाठी वेगळं काय करायचं?

दोन वेळचं जेवण हे मोठ्या माणसांचं वेळापत्रक आहे. लहान मुलाच्या पोटात एका वेळी, त्याच्या वजनाच्या दर किलोमागे, साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं. आठ किलोचं मूल एका बैठकीला जेमतेम २४० ग्रॅम खाणार. त्यातलं निम्मं पाणीदार वरण असलं तर पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही.

दुपारच्या रांगेकडे नीट बघा. कडेवर वर्षाचं मूल घेतलेली बाई ताट पुढे करते. त्यात मोठ्यांसाठी केलेलं तिखट जेवण पडतं. मूल दोन घास घेतं, तोंड भाजतं म्हणून पाणी मागतं, पाण्याने पोट फुगतं आणि ते मान फिरवतं. उरलेलं आई खाते. पुढचं अन्न थेट रात्री, तेव्हा मूल झोपलेलं असतं. वहीत मात्र ते दोन्ही वेळा 'जेवलं' म्हणून लागतं. हा प्रकार आठवडाभर चालला आणि मध्ये एकदा जुलाब झाले, तर चांगलं खेळतं मूल डोळ्यांदेखत उतरतं.

आपत्तीतल्या मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'स्फिअर' मानकांत माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी धरल्या जातात. हा आकडा धान्याचा साठा ठरवायला उपयोगी आहे. पण तो म्हातारे, तरुण, तान्ही असा सगळ्यांचा मिळून सरासरीचा आहे. साठा पुरेसा असला म्हणून मुलाच्या पोटात अन्न गेलं, असं समजू नका.

मग पहिल्या दिवशी काय करावं?

नोंद. कुटुंबाचं नाव लिहिताना मुलांची वयं महिन्यांत लिहा आणि गट करा: सहा महिन्यांखालची, सहा महिने ते दोन वर्षं, दोन ते पाच वर्षं. गरोदर बाया आणि पाजत्या आया वेगळ्या लिहा. ज्या बाळाजवळ आई नाही किंवा जे अंगावर पीत नाही, त्याच्या नावापुढे खूण करा. त्या बाळाकडे त्याच दिवशी कुणीतरी गेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, पाजायला एक आडोसा. पडदा, चटई, पाण्याचा तांब्या आणि शेजारी एखादी अनुभवी बाई, एवढ्याने काम होतं. उघड्या सभागृहात शंभर माणसांसमोर पदर घेऊन बसायचा संकोच वाटतो, म्हणून कितीतरी आया एकेक वेळ पाजायचं टाळतात.

धक्क्याने आईचं दूध आटतं, हे खरं आहे का?

असं आटत नाही, पण आयांना जे जाणवतं तेही खोटं नसतं. दूध तयार होणं आणि पान्हा फुटणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बाळ ओढतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्यामुळे दूध तयार होतं. ते बाहेर यायला ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक लागतं. भीती, दुःख, झोपमोड यांनी हे ऑक्सिटोसिन थोडा वेळ अडतं. दूध आत असतं, पण येत नाही. बाळ ओढतं, रडतं, आई घाबरते आणि पान्हा आणखी लांबतो. नेमक्या याच वेळी कुणीतरी मायेने बाळदुधाचा, म्हणजे आईच्या दुधाऐवजी द्यायच्या पावडरीचा, डबा आणून देतं. बाळाचं पोट वरच्या दुधाने भरतं, ते ओढायचं कमी करतं आणि मग दूध खरोखरच कमी होतं.

उपाय साधा आहे, फक्त माणूस लागतं. आईला शांत कोपऱ्यात बसवा, पाणी द्या, बाळ उघड्या अंगाने तिच्या छातीशी लावा, पाठ चोळून द्या, घाई करू नका. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजू द्या. बाळाला पुरेसं मिळतंय का, ते त्याच्या लघवीवरून कळतं. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल, तर दूध पुरतंय.

आईच अर्धपोटी असेल तर तिच्या दुधात कस राहतो का?

राहतो. बेताची उपाशी आईसुद्धा बाळाला पुरेल असं दूध देते. त्याची किंमत तिचं शरीर मोजतं. म्हणून खायला आईला घाला आणि पाजू तिलाच द्या. पाजणाऱ्या बाईला दिवसाला साधारण ५०० किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक जास्तीचं भरपेट खाणं. पाणीही तिला रांगेविना मिळावं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही पाजावं.

दूध पावडरचे आणि बाळदुधाचे डबे आले आहेत. वाटून टाकू का?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ही राहू द्या.

२७ मे २००६ रोजी इंडोनेशियात योग्यकर्ता आणि मध्य जावा भागात भूकंप झाला. मदतीत बाळदुधाचे डबे मोठ्या प्रमाणावर आले आणि सरसकट वाटले गेले. नंतर झालेल्या पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांचे जुलाब मोजले. ज्यांच्या घरी डबे मिळाले होते त्यांच्यात आठवड्याभरात जुलाब झालेल्यांचं प्रमाण २५.४ टक्के निघालं; ज्यांना मिळाले नव्हते त्यांच्यात ११.५ टक्के. दुप्पटीहून जास्त. देणाऱ्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं.

कारण समजायला छावणीतला नळ बघितला तरी पुरे. पावडर कालवायला पाणी लागतं आणि ते गढूळ असतं. बाटली उकळायला इंधन लागतं, ते नसतं. बाटलीचं बुच, म्हणजे बाळ चोखतं ते रबरी टोक, अंधारात तसंच धुतलं जातं. डबा लवकर संपू नये म्हणून पाणी जास्त घातलं जातं. शिवाय डबाबंद पावडर जंतुविरहित नसते; तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि तान्ह्या बाळाच्या तो जिवावर बेततो. आठवड्याने डबे संपतात, तोवर आईचं दूध कमी झालेलं असतं.

म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने बाळदुधाच्या विक्री-प्रचाराबाबत आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली आणि पुढच्या ठरावांनी आपत्तीतल्या वाटपावरही बंधनं घातली. आपत्तीकाळातल्या बालआहाराची मार्गदर्शक सूत्रं स्पष्ट सांगतात: बाळदूध, बाटल्या, बुचं यांच्या देणग्या मागू नका आणि स्वीकारू नका. आलेच असतील तर डबे कुलपात ठेवा आणि पोषणाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला कळवा. साधी दूध पावडर मोठ्या पातेल्यात धान्याबरोबर शिजवून वापरता येते, पण तीही सुटी पाकिटं करून घरोघर वाटू नये.

पण ज्या बाळाला आईच नाही, त्याचं काय?

त्या बाळाला दूध मिळालंच पाहिजे. सरसकट वाटप बंद करायचं ते अशा बाळांकडे नीट लक्ष देता यावं म्हणूनच. आधी बघा, दुसरी निरोगी पाजती बाई तयार आहे का आणि घरच्यांना ते चालेल का. नसेल तर बाळदूध द्या. पण त्या एका बाळाच्या नावाने, आरोग्य कर्मचाऱ्याने ठरवून, गरज असेतोवर पुरवठा तुटणार नाही याची खात्री करून. सोबत चूल, भांडं आणि पाणीही द्या.

दूध कालवताना पाणी उकळावं आणि अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंशांच्या खाली यायच्या आधी, पावडर घालावी. पावडरमधले जंतू या उष्णतेने मरतात. मग भांडं थंड पाण्यात धरून कोमट करावं. पाजताना बाटली नको, उघडी वाटी घ्यावी, कारण तिला कानेकोपरे नसतात आणि ती साबणाने खरोखर स्वच्छ होते. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागेल इतपतच कलती करा. बाळ स्वतः जिभेने ओढून घेतं. तोंडात ओतलं तर ठसका लागतो. उरलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवू नका.

पाजणं सुटलं होतं. दूध परत येऊ शकतं?

येऊ शकतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. बाळाने पुन्हा पुन्हा ओढलं की शरीर परत दूध तयार करायला लागतं. काहींना काही दिवस लागतात, काहींना काही आठवडे. रिकाम्या अंगाला बाळ तोंड लावत नसेल तर बारीक नळीचं एक टोक स्तनाग्राजवळ चिकटवतात आणि दुसरं दुधाच्या वाटीत सोडतात. बाळ ओढतं तेव्हा नळीतून दूध येतं, म्हणून ते ओढत राहतं, आणि त्या ओढण्यानेच आईचं दूध वाढतं. वाटी किती उंचीवर धरायची यावर दुधाचा वेग ठरतो; ती स्तनाग्राच्या खाली ठेवतात. हे शिकवणारी प्रशिक्षित बाई शेजारी हवी. आईला काही दिवस वेळ मिळावा म्हणून तिची बाकीची कामं दुसऱ्या कुणी उचलायला हवीत.

सहा महिन्यांवरच्या मुलाला छावणीच्या स्वयंपाकातून काय देता येईल?

जवळजवळ सगळं, फक्त मोठ्या पातेल्यात तिखट पडायच्या आधी बाजूला काढायला हवं. स्वयंपाक्याला हे एकदा नीट सांगितलं की तो करतो. बहुतेक ठिकाणी त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शिजलेलं धान्य आणि डाळ वेगळ्या भांड्यात काढा, घोटा, वरून चमचाभर तेल घाला. थोड्या जागेत जास्त ताकद भरायला तेलाइतकी सोपी वस्तू नाही. अंडं मिळालं तर उकडून कुस्करून घाला. भाजी, पिवळं फळ, जे असेल ते. घट्टपणा किती असावा? चमचा कलता केला तर लगेच ओघळू नये इतका.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांपुढे तीन-चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी छोटं. वर्षाच्या पुढे वाटी पाऊण ते पूर्ण. इथे वाटी म्हणजे २५० मिलिलिटरची. अंगावर न पिणाऱ्या मुलाला यापेक्षा एखादं जेवण जास्त आणि दिवसाला एक-दोन कप उकळलेलं दूध लागतं.

म्हणजे मुलांची चूल दिवसातून चार-पाच वेळा पेटली पाहिजे, किंवा निदान मधल्या वेळांना काहीतरी हातात पडलं पाहिजे. मला विचाराल तर छावणीचा स्वयंपाक नीट चाललाय की नाही हे बघायला सकाळी अकरा आणि दुपारी चार या वेळा निवडा. जेवणाच्या वेळेला सगळंच बरं दिसतं.

वर्षाखालच्या बाळाला मध नको, आणि लहानांना अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात.

बिस्किटांवर भागेल का?

पहिले एक-दोन दिवस, चूल पेटेपर्यंत. गोड बिस्किटांनी भूक मरते आणि मूल जेवत नाही. खास आपत्तीसाठी बनवलेली जादा ताकदीची बिस्किटं वेगळी असतात, पण तीसुद्धा सहा महिन्यांखालच्या बाळाला द्यायची नसतात.

पाणी किती आणि कसं लागतं?

सगळ्या वापरासाठी माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरतात. पिण्याचं पाणी खळखळ उकळी येऊन मिनिटभर उकळू द्यावं, उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं. क्लोरीन वापरत असाल तर घेताना पाण्यात लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावं. ते तपासायची साधी पेटी मिळते. गढूळ पाणी आधी गाळून निवळू द्या, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्च होतं.

पाणी कितीही शुद्ध केलं तरी मूल घाण हाताने खात असेल तर उपयोग नाही. जेवणाच्या जागेजवळच पाणी आणि साबण ठेवा. संडासाजवळ तर हवाच.

दुपारचं अन्न मुलासाठी झाकून ठेवलं तर चालेल?

दोन तासांपर्यंत. त्यापुढे टाकून द्या. ठेवायचंच असेल तर ते ६० अंशांवर कढत राहिलं पाहिजे. आईने नुसतं झाकून उशाशी ठेवलेलं खरकटं हे जुलाबाचं नेहमीचं कारण आहे. तिला ते ठेवावं लागू नये अशी सोय करणं आपलं काम आहे.

जुलाब लागले तर खाणं बंद करावं का?

मुळीच नाही. अंगावर पाजणं वाढवा, खाणं थोडं थोडं चालू ठेवा. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात एकाच वेळी मिसळा. अर्धं पाकीट करू नका, अंदाजे मीठ-साखर घालू नका. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका.

सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते. डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी हळू परतली, मूल मलूल पडलं, पिऊ शकत नाही किंवा शौचात रक्त आहे, तर ताबडतोब दवाखाना.

मूल कुपोषित होतंय हे डोळ्याने कळतं का?

उशिरा कळतं. म्हणून दंडघेर मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी रंगीत पट्टी असते. डावा हात कोपरात वाकवा, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मध्यावर पेनने खूण करा. मग हात सरळ, सैल सोडा. पट्टी खुणेवर गुंडाळा: कातडीला सगळीकडून टेकलेली, पण दंडात न रुतलेली. पट्टीवरच्या छोट्या खिडकीत दिसणारा आकडा मिलिमीटरमध्ये वाचा. ११५ च्या खाली म्हणजे लाल, अतितीव्र कुपोषण. ११५ ते १२५ च्या आत पिवळा, मध्यम. १२५ आणि पुढे हिरवा.

त्यानंतर पाय बघा. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडा. दोन्हीकडे खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे, आणि दंड कितीही भरलेला दिसला तरी ते मूल अतितीव्र कुपोषित धरायचं. अशी मुलं गुबगुबीत दिसतात, म्हणून नजरेतून सुटतात. सहा महिन्यांखालच्या बाळाचं वजन करा आणि ते पिताना स्वतः बसून बघा.

मोजणी दर आठवड्याला, तंबूतंबूत जाऊन करा. बोलावल्यावर येतात ती बहुधा बरी मुलं. आजारी मूल आत झोपलेलं असतं.

लाल पट्टीत आलेल्या मुलाला लगेच भरपूर खाऊ घालू का?

नको. अतितीव्र कुपोषणात शरीराची सगळी यंत्रणा मंदावलेली असते. एकदम जास्त अन्न किंवा क्षार गेले तर हृदयावर ताण येऊन मूल दगावू शकतं. नेहमीचं ओआरएससुद्धा अशा मुलाला आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखालीच द्यावं. मुलाला भूक आहे, ताप नाही, सूज नाही, ते शुद्धीवर आहे, तर बहुतेक वेळा घरीच उपचार होतात. त्यासाठी तयार पोषण पेस्ट मिळते; ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी असतात. तिच्यात पाणी मिसळावं लागत नाही, म्हणून छावणीत ती पावडरीपेक्षा कितीतरी सुरक्षित ठरते. ते औषध आहे, भावंडांत वाटायचं खाणं नाही; हे आईला सांगताना भावंडांच्या जेवणाचीही सोय करा, नाहीतर ती तरी काय करणार?

मूल खातच नाही, नुसतं चिकटून बसतं.

घाबरलेली मुलं असं करतात. ओळखीच्या माणसाने, एका ठरावीक जागी, त्याच्याशी बोलत भरवावं. जबरदस्ती करू नका. खेळायला दिवसातून तासभर जागा मिळाली की भूक परत येते. दोन-तीन दिवस काहीच घेत नसेल तर आजार शोधा: तोंड आलंय का, कान दुखतोय का, ताप आहे का.

दिव्यांग मुलांचं काय?

ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना झोपवून भरवू नका. पाठ टेकवून, मान किंचित पुढे ठेवून बसवा, दाट मऊ अन्न छोट्या घासांनी द्या, वेळ द्या. त्यांच्या पालकांना रांगेत उभं करू नका, ताट जागेवर न्या.

जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटाव्यात का?

आपल्या मनाने नाही. जीवनसत्त्व अ ची मोठी मात्रा आरोग्य विभागाकडून मिळते: ६ ते ११ महिन्यांना १ लाख एकक, १ ते ५ वर्षांना २ लाख एकक, तीही आधी कधी दिली ते बघून. सोबत गोवराची लस महत्त्वाची. गर्दीत गोवर झपाट्याने पसरतो आणि मुलांना कुपोषणात ढकलतो. आपत्तीत ती सहा महिन्यांपासून देतात. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ वापरा.

आम्हाला दुरून मदत पाठवायची आहे. काय पाठवू?

आधी विचारा. साधारणपणे डाळ, धान्य, तेल, साबण, झाकणाच्या बादल्या, उघड्या वाट्या, चमचे, इंधन यांची गरज असते. बाळदूध, बाटल्या, बुचं, मुदत संपत आलेला खाऊ पाठवू नका. पैसे देता आले तर आणखी बरं. आणि कुणी 'बाळांसाठी दूध पाठवा' असा संदेश फिरवत असेल तर तो पुढे ढकलू नका. योग्यकर्त्याचे आकडे त्यांना सांगा.

छावणी उठते तेव्हा काय करायचं?

पिवळ्या-लाल पट्टीतल्या मुलांची, बाळदुधावर असलेल्या बाळांची आणि उपचार चालू असलेल्यांची यादी करा. कुटुंब कुठे जाणार आहे ते लिहून घ्या आणि तिथल्या आरोग्य केंद्राला, लोक निघायच्या आधी, कळवा. आईच्या हातात एक चिठ्ठी द्या: शेवटचा दंडघेर, वजन, चालू औषध, पुढची तारीख. पोषण पेस्ट चालू असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत पुरतील एवढी पाकिटं सोबत द्या.